जे दाबता येतं ते कंट्रोल

आमच्या सेंटरमध्ये किस्से कोणी सांगत नाही. ते घडतात आणि तिथंच पडून राहतात. लोक फॉर्म भरतात, पावती घेतात, निघून जातात. झेरॉक्सचे वाया गेलेले कागद आम्ही संध्याकाळी गोळा करतो, पण माणसं जे बोलून जातात ते कोण गोळा करणार? ते माझ्याच डोक्यात साठत गेलं. आता एक आठवायला जावं तर मागून चार येतात. पूर्वी मला वाटायचं, हे सगळे हसण्यासारखे आहेत. हल्ली सांगायला बसले की पहिल्या दोनतीनला लोक हसतात, आणि मग कपातला चहा गार होत जातो.

सेंटर सालेकसाला, बाजाराच्या रस्त्यावर. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि बाहेर एक लाकडी बाक. मालक बिसेनभाऊ, गोंदियाचे, त्यामुळे बोलणं सगळं हिंदीत. मी ज्योती, ऑपरेटर. त्याआधी मी एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. क्लास बंद पडला, शिकवायची खोड मात्र राहिली.

क्लासात माझा पहिला धडा ठरलेला. स्क्रीनवर दिसतं ते सगळंच कामाचं नसतं. ज्याला दाबलं, ओढलं, ज्यात लिहिलं की कॉम्प्युटर काहीतरी करतो, ते कंट्रोल. बटन, टिचकीची चौकट, गोल गोटी, लिहायचा डबा, खाली उघडणारी यादी, बाजूची सरकपट्टी, ही सगळी कंट्रोल. उरलेलं सगळं लेबल, म्हणजे नुसती पाटी. पाटीला दिवसभर टोचत बसलात तरी ती काही करणार नाही.

पहिल्याच बॅचला मी विचारलं होतं, "कंट्रोल म्हणजे काय, कोण सांगेल?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "रेशनचं दुकान, मॅडम!"

आता यात त्यांची काय चूक? आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणतात. तांदूळ कंट्रोलचा, रांग कंट्रोलची, भांडणंही कंट्रोलवरची. नवेगाव बांधकडचा एक जण होता, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांच्या घरातला. त्यानं मात्र माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं. "म्हंजे मॅडम, तलावात पानी दिसते, पार दिसते, कमळं दिसतात. पन हात लावाचा तं तुडूमालेच." पार म्हणजे तलावाचा बांध, तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार. ते वाक्य मी पुढच्या सगळ्या बॅचेसना माझंच म्हणून ऐकवलं.

बिसेनभाऊंना हा धडा सांगितला तेव्हा ते बाहेरच्या बोर्डाकडे बघून म्हणाले, "नाम बोर्ड पर मेरा, काम सारा आपका. मतलब मैं तो लेबल ही हुआ ना!"

*

एक म्हातारी आली होती, पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची. तिच्या आधार कार्डाचं काहीतरी काम होतं. साइट अडकलेली, पुढे जायचं बटन राखाडी पडलेलं, दाबूनही दबत नव्हतं. माझ्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, "मावशी, आज काही होत नाही. कंट्रोल बंद आहे."

तिनं विचारलं, "किती रोज?"

मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हटलं, "काही सांगता येत नाही. चार दिवस, आठ दिवस."

दुसऱ्या दिवशी त्या टोल्यावरच्या झाडून सगळ्या बाया पिशव्या घेऊन रेशनच्या दुकानावर! दुकान उघडं, तांदूळ मोजणं चालू, तरी कोणी ऐकेना. बंद व्हायच्या आत आमचं देऊन टाक म्हणून दुकानदाराच्या मागेच लागल्या. दुपारी तो मोटरसायकल घेऊन थेट सेंटरवर आला. "काऊन वो मॅडम, माह्यं दुकान तुमी कवापासून बंद करून राहिल्या?"

आम्ही पोट धरून हसलो. बिसेनभाऊंनी तर त्याला चहा पाजला आणि पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावलं.

आठवड्यानं म्हातारी परत आली. तिचं काम झालं. निघताना म्हणाली, "तुमी लय हासल्या म्हने. पन बंद हाये म्हटलं का आमी पयले तांदळाचा डबा पाहतो, बाई. आमाले का मालूम, तुमचा कंट्रोल येगळा असते?"

त्या दिवसापासून मी लोकांसमोर तो शब्द उच्चारत नाही. आता सगळ्याला बटनच म्हणते.

*

खाली उघडणाऱ्या यादीचा एक किस्सा. यादीत जेवढं आहे तेवढंच निवडायचं, आपल्या मनाचं काही लिहायचं नाही, असं ते कंट्रोल. तालुका निवडा, गाव निवडा.

एक आजोबा आले होते. त्यांचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. उठवून दुसरीकडे बसवलेली वस्ती त्यांची. मी यादी वरून खाली, खालून वर दोनदा फिरवली. जुनं गाव यादीतून काढलेलं आणि नवीन वस्ती अजून यादीत आलेली नाही! अगदी शेवटी होतं 'इतर'. मी ते निवडलं.

आजोबांना वाचता येत होतं. चष्मा पुसून त्यांनी स्क्रीनजवळ तोंड नेलं. "इतर? हे कोनतं गाव जी?"

म्हटलं, "बाबाजी, यादीत नाही त्या सगळ्या गावांना इतर म्हणतात."

"बरं बरं," म्हणाले. मग बाकावर जाऊन बसले. प्रिंट दिली तेव्हा घडी घालता घालता म्हणाले, "मंग इतरचे किती जन हाओत आमी, तेवढं पाहून सांगजा. भेट तं होईन एकमेकाची."

मला ते पाहता येत नाही, हे त्यांना सांगायचं राहिलं.

*

इमलाबाई आणि तिची मुलगी रोशनी आल्या त्या जुलैत. दरेकसाकडच्या. सकाळच्या गाडीनं यायचं, स्टेशनवरून पायी सेंटरवर. रोशनी बारावी झालेली, नागपूरला नर्सिंगला तिचा नंबर लागलेला. घरातून तालुक्याबाहेर शिकायला जाणारी ती पहिलीच. राहायला वसतिगृह मिळालं तर जाणार, नाही तर धानाचं रोवणं आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न, हे तिनं स्वतःच मला हसत हसत सांगितलं. वसतिगृहाचा फॉर्म ऑनलाइन. शेवटची तारीख पंचवीस जुलै.

फॉर्म भराभर भरत गेला. पोट्टी तरतरीत, सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलेले. मग प्रश्न आला: वडील हयात आहेत का? समोर दोन गोल गोट्या, होय आणि नाही.

या गोट्यांना रेडिओ बटन म्हणतात. जुन्या रेडिओला बटनं असायची, एक दाबलं की आधीचं दाबलेलं आपोआप वर यायचं, तसं. दोन्ही एकदम दाबता येत नाहीत. आणि एकदा कुठलीही एक दाबली की पुन्हा दोन्ही रिकाम्या करता येत नाहीत. हे मी वर्गात फळ्यावर काढून शिकवत असे.

"वडील आहेत ना?" मी विचारलं. हात माउसवर तयारच होता.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग रोशनी म्हणाली, "मालूम नाही, मॅडम."

पाच वर्षांपूर्वी रोशनीचा बाप सुखदेव एका ठेकेदाराच्या माणसांबरोबर हैदराबादकडे कामाला गेला. काही महिने फोन यायचा. मग फोन बंद झाला. सोबत गेलेले परत आले, ते म्हणाले की तो दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला. पोलिसात कळवून झालं होतं, दोनदा. एवढंच.

म्हटलं, "मग नाही करू का?" इमलाबाईनं माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"हाव करा, बाई. हायेत ते."

मी होय केलं. त्याबरोबर खाली नवा डबा उघडला. वडिलांची संमती हवी, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी जाईल, तो इथं टाका. इमलाबाईनं नंबर धडाधड म्हणून दाखवला, अडखळली नाही. मी 'ओटीपी पाठवा' दाबलं. कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत आलं: ओटीपी पाठवला आहे.

इमलाबाई खुर्चीवरून उठलीच. "गेला? त्याईच्याकडे गेला?"

आता काय सांगायचं? फोन इतकी वर्षं बंद आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, पाठवला आहे म्हणून. मी म्हटलं, "आपल्याकडून गेला."

आम्ही ओटीपीची वाट पाहत बसलो. रोशनी नखं कुरतडत होती. काही वेळानं 'पुन्हा पाठवा' हे बटन निळं झालं. इमलाबाई म्हणाली, "बाई, अजूक एकदा पाठवा ना." मी पाठवला. मग अजून एकदा. त्यानंतर ते बटन राखाडी पडलं. एका दिवसात तीनच वेळा, असा नियम.

"उद्या पुन्हा चालते का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं, आणि तिथंच चुकले. कारण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती एकटीच हजर!

*

गुरुजींचा किस्सा त्याच दिवसांतला. निवृत्त हेडमास्तर, शिस्तीचे. त्यांना कसलासा अर्ज भरायचा होता. शेवटी असते ना ती चौकट, 'मी वरील सर्व अटींशी सहमत आहे', तिथं टिचकी मारली की झालं. सगळे मारतात. मी आजवर हजारो माणसांना सहमत करून सोडलेलं आहे.

गुरुजी म्हणाले, "थांबा. अटी दाखवा."

मी सरकपट्टी धरून खाली खाली नेत गेले. त्यांनी शाळा तपासणीसारखं एकेक कलम वाचलं, मध्ये दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. मागे रांग वाढत चालली. तासाभरानं त्यांनी चष्मा काढला. "सहावी अट मला मान्य नाही. मी सहमत नाही. हे कुठं लिहू?"

"ते लिहायला जागा नाही, गुरुजी."

"मग सहमत नाही याचं बटन दाबा."

"ते बटनच नाही!"

गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही फॉर्म मीच बनवला. "मग ही संमती कसली? नाही म्हणता येत असेल तरच हो म्हणण्याला अर्थ." छत्री उचलली आणि गेले.

चौथ्या दिवशी आले. बाकावर नंबर लावून बसले, आपली पाळी आल्यावर समोर येऊन म्हणाले, "मारा टिचकी. मी अजूनही सहमत नाही, हे तुम्हाला तोंडी सांगून ठेवतो." आवाज पूर्वीसारखाच करडा होता, फक्त ते माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघून बोलले.

*

माझा स्वतःचा एक आहे, तो मी फारसा सांगत नाही.

मासेमारी सोसायटीचे एक सभासद होते, तीन वेळा चकरा मारून त्यांचा अर्ज पूर्ण होत आला होता. चुकून माझा हात कुठेतरी लागला आणि मध्येच चौकट उघडली. 'अर्ज रद्द करायचा आहे का?' खाली दोन बटनं. एकावर 'ठीक आहे', दुसऱ्यावर 'रद्द करा'.

आता तुम्हीच सांगा, अर्ज वाचवायचा तर कोणतं दाबायचं? मला वाटलं, रद्द करणं रद्द करायचंय, म्हणजे 'रद्द करा'. दाबलं. अर्ज गेला. तीन चकरा गेल्या. त्या दिवशीच मुदत संपत होती आणि पुन्हा सगळं भरण्याइतका वेळ नव्हता.

मी शिकवणारी बाई! बटन म्हणजे काय हे ज्या बाईनं अर्ध्या तालुक्याला शिकवलं तिनंच हे केलं. मला रडू आलं, खरंच आलं. त्या काकांनीच माझी समजूत काढली. "जाऊ द्या ताई. तुमचा हात नाही चुकला. बटनाचंच नाव चुकून ठेवलं त्याईनं." शिवाय जाताना बिसेनभाऊंना बजावून गेले, की ताईला काही बोलू नका म्हणून. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. कुठे गेले, का आले नाहीत, मी कोणाला विचारलं नाही. मला भीती वाटली.

*

इमलाबाई रोज येत राहिली. रोवण्याचे दिवस, एकेका हाताला काम, आणि ही बाई सकाळी गाडीनं येते, तीन वेळा 'पुन्हा पाठवा' दाबते आणि परत जाते! दुसऱ्या दिवसापासून तिनं मला दाबू दिलं नाही, स्वतःच दाबायची. माउस दोन्ही हातांनी धरायची. तिला दुसरं काहीच येत नव्हतं, अक्षरओळखही नव्हती, पण ते एक बटन तिनं जागेवरून आणि रंगावरून ओळखून ठेवलं होतं. निळं झालं की दाबायचं, राखाडी झालं की घरी जायचं.

एके दिवशी मी म्हटलं, "इमलाबाई, तो फोन बंद आहे. मेसेज कुठंच पोचत नाही. उगाच कायले त्रास घेता?"

ती म्हणाली, "पाच वर्सं झाले, बाई, मी त्याईले काही सांगतोच म्हटलं तं सांगाची जागाच नोती. आता पोट्टीच्या नावानं तं जाऊन राहिलं."

बिसेनभाऊ मागे उभे होते. ते बाहेर जाऊन बाकावर बसले.

*

रोशनी मधल्या एका दिवशी आईबरोबर आली. फॉर्म उघडला. सगळं भरलेलं, फक्त ओटीपीचा डबा रिकामा आणि म्हणून खालचं 'सबमिट' राखाडी.

"मॅडम, हे बटन दिसते तं सही, मंग दबत काऊन नाही?"

मी तिला समजावलं. बटन आहे, पण बंद करून ठेवलंय. वरचं सगळं पुरं झालं की आपोआप सुरू होईल. तोवर ते पाटीसारखंच.

तिनं त्या दोन गोट्यांवर बोट ठेवलं. "इथं तिसरी पायजे होती, मॅडम. मालूम नाही, असं लिवलेली."

माझ्या क्लासातल्या एकाही बॅचनं इतका बरोबर प्रश्न काढला नव्हता. मला त्या फॉर्म बनवणाऱ्या माणसाचा भयंकर राग आला. तो कुठंतरी एसीत बसून दोन गोट्या काढून मोकळा झाला. बाप एक तर असतो नाही तर नसतो, याच्या मधलं काही त्याच्या डोक्यातच आलं नसेल.

मी हेल्पलाइनला फोन लावला. अर्धा तास गाणं ऐकल्यावर एक जण बोलला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, होयला ओटीपी लागतोच. तुम्ही नाही करून टाका ना. मृत्यूचा दाखला नसेल तर आईचं स्वयंघोषणापत्र जोडा, चालतं."

"अहो पण तो माणूस मेलाय की नाही, हेच माहीत नाही."

"मॅडम, नाही केल्यावर फॉर्म पुढे जातो," तो म्हणाला. उद्धट नव्हता बिचारा, उलट मदतच करत होता.

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. दोघींनी सगळं ऐकलं. रोशनी म्हणाली, "आई, कागदावरच तं नाही म्हनाचं हाये."

इमलाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि पदर खोचत उठली. "तू बस. माह्यी गाडी जाईन." आणि मुलीला तिथंच सोडून निघून गेली.

*

त्यानंतर ती चार दिवस आली नाही. मी रोज सकाळी गाडीच्या वेळेला दाराकडे बघायची. शेवटची तारीख जवळ येत होती. बिसेनभाऊ म्हणाले, "आप ही कर दो ना, मॅडम. नाही दबाओ, कागज पर किसी का भी अंगूठा... बच्ची का साल बच जाएगा." वाक्य त्यांनीच अर्धवट सोडलं. माझ्या मनात ते आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. फॉर्म माझ्याच लॉगिनवर होता. एक क्लिक, बस. रोशनी नागपूरला गेली असती आणि इमलाबाईला कळलंही नसतं.

दोनदा फॉर्म उघडून मी बंद केला.

*

शेवटच्या दिवशी दोघी आल्या. दुपारचे दोन वाजलेले, साइट रेंगाळत होती, सगळ्या जिल्ह्याला बहुतेक त्याच दिवशी जाग आली होती. रोशनीचे डोळे सुजलेले. इमलाबाई मात्र न्हाऊनमाखून, ठेवणीतलं लुगडं नेसून आलेली. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "कुठी हाये ते नाही? मले दाखवा. मीच दाबतो."

मी बोटानं दाखवलं. तिनं दोन्ही हातांत माउस धरला. बाण हलत हलत गेला, एकदा चुकून बाजूच्या पाटीवर पडला, काही झालं नाही. मग गोटीवर आला. तिनं दाबलं. नाहीमध्ये काळा ठिपका आला आणि होयमधला आपोआप गेला.

मला वाटलं, संपलं. स्वयंघोषणापत्र मी आधीच टाइप करून ठेवलं होतं. पण खाली अजून एक ओळ उघडली: मृत्यूचा दिनांक. बाजूला कॅलेंडरचं छोटं चित्र. ते चित्र नव्हतं, कंट्रोल होतं. रिकामं सोडलं तर लाल अक्षरं यायची. हे हेल्पलाइनवाल्यानं सांगितलं नव्हतं.

मी खाली मान घालूनच विचारलं, "इमलाबाई, तारीख टाकावी लागेल. कोणती टाकू?"

"कायची तारीख?"

रोशनीनं सांगितलं.

मी कॅलेंडरचा डावा बाण दाबत मागे मागे नेलं, पाच वर्षं मागे. "ते गेले तो महिना टाकू का?"

"तवा कसे? दरेकसाच्या टेसनावर गाडीतून हात दाखवला ना त्याईनं."

मी उजवा बाण दाबला. पुढचा महिना.

"तवा फोन आलता."

पुढचा.

"तवाबी आलता. रोशनीसाठी चपला घेतल्या म्हने."

दिवाळी आली. त्या दिवाळीला फोन बंद झाला होता, हे मला माहीत होतं. मी थांबले. "इथं टाकू?"

"त्या दिवाळीले मी त्याईच्या वाट्याचं काढून ठेवलतं."

मी बाण दाबत राहिले. होळी, रोवणं, पोळा, दिवाळी. प्रत्येक महिन्याला तिच्याकडे काहीतरी होतं. कधी स्वप्नात आले होते, कधी कोणीतरी रायपूरच्या फलाटावर त्यांच्यासारखा माणूस पाहिला होता, कधी घरावरची कवेलू फेरताना ती त्यांच्याशी भांडली होती. मागे रांग वाढत होती. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं, चौथं. असं करत करत आम्ही या महिन्यावर येऊन पोचलो. आजच्या तारखेच्या पुढचे सगळे आकडे राखाडी होते.

तिनं त्या राखाडी आकड्यांवर बोट ठेवलं. "याच्या पुढचं?"

"पुढचं दाबता येत नाही, इमलाबाई."

तिनं हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"मंग आजची टाका, बाई. सकाळी टिकली लावली तवा होते ते."